वरची ओंजळ

चांगुणाअक्का बियाणं द्यायच्या तेव्हा पायली कधी वरून ओतत नसत. ती पोत्याच्या तळाशी नेऊन अलगद कलती करत. सोयाबीनचं साल पातळ. हातभर उंचीवरून पडलं तरी दाणा आतून दुखावतो आणि ते शेतात गेल्यावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं. "अंड्यावानी धरायचं," त्या सांगत. सगळ्या पायल्या मोजून झाल्या की शेवटी एक ओंजळ वर टाकत. ही ओंजळ मापात धरायची नाही. आमच्या वस्तीतला माणूस असो की ओढ्यापलीकडच्या तांड्यावरचा, प्रत्येकाला ती मिळे. फक्त स्वतःच्या घरची पेरणी असली की अक्का मोजतही नसत आणि वरची ओंजळही टाकत नसत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "घरच्याला कसली वरची ओंजळ? ती परक्याला असती. कमी दिलं असं त्याच्या मनात राहू नये म्हणून."

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे यजमान पुंजाजी आणि माझे यजमान सख्खे भाऊ. दोघंही आता नाहीत. आमची घरं सेनगाव तालुक्यातल्या एका गावात, मधल्या एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकलेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. अक्का शाळेत गेल्या नाहीत. वस्तीतल्या पुष्कळांचे अर्ज मी लिहिते, तसे अक्कांचेही लिहीत आले.

बियाण्याचं हे काम त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून करत होत्या. तेव्हा ज्वारी, मूग आणि तूर असे. शेतातली चांगली कणसं खुडून आणायची, दाणे राखेत कालवून कणगीत भरायचे, वर लिंबाचा पाला. सोयाबीन आमच्याकडे नंतर आलं. ते राखेला आणि कणगीला जुमानेना. पहिली दोन वर्षं अक्कांचं बियाणं उगवलंच नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी मळणीयंत्रवाल्याला यंत्र हळू चालवायला लावलं, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवली, एकावर एक चारच रचली. तेव्हापासून त्यांचं बियाणं चुकलं नाही.

मे महिन्यात त्या ओलं गोणपाट अंथरत. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडत. शंभर दाणे, एकही निवडून घेतलेला नाही. गोणपाट गुंडाळून रांजणाजवळच्या कोपऱ्यात ठेवत आणि रोज पाणी शिंपडत. पाचव्या दिवशी उलगडून मोड आलेले मोजत. सत्तरच्या खाली भरलं तर ते पोतं बियाण्याला द्यायचं नाही, मोंढ्यावर विकायला पाठवायचं. ज्या दिवशी गोणपाट उलगडायचं त्या दिवशी चार माणसं आपोआप ओसरीवर येऊन बसत. बियाण्याच्या बदल्यात त्या पैसे घेत नसत. जेवढ्या पायल्या बियाणं, तेवढ्याच पायल्या साधं सोयाबीन. दरसाल तीस-पस्तीस घरं घेऊन जात. याला आमच्यापैकी कुणी धंदा म्हणत नव्हतं. काम म्हणायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

अक्कांचा नातू प्रज्ञेश शेतकीची पदविका करून एका बियाण्याच्या कंपनीत लागला. कंपनीचं गोदाम कनेरगाव नाक्याला. गावोगाव मोटारसायकलवर फिरायचं, शेतकऱ्यांच्या सभा घ्यायच्या, कंपनीच्या पिशव्यांची माहिती द्यायची, असं काम. दोन वर्षं उमेदवारी, मग कायम. आमच्या घरात माझ्यानंतर पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच. त्याचा बाप रत्नपाल शेती करतो आणि उरलेल्या दिवसांत गवंड्याच्या हाताखाली जातो. पोराची नोकरी लागली तेव्हा रत्नपालने विहारात सगळ्या वस्तीला खीर वाटली होती.

उमेदवारीचं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीने सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. नोकरीखेरीज तुम्ही दुसरं कोणतं काम करता का, आणि तुमच्यासोबत एकत्र राहणारं कुणी बियाण्याचा कोणताही व्यवहार करतं का, मोबदला घेऊन वा न घेता. प्रज्ञेशने दोन्हींपुढे 'निरंक' लिहिलं. हा शब्द त्याला चौथीत असताना घरी मीच शिकवला होता. तो खोटं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आजीचं गोणपाट त्याने जन्मल्यापासून पाहिलेलं होतं. जे जन्मल्यापासून पाहिलेलं असतं ते फॉर्ममध्ये भरायचं असतं हे कुणाच्या ध्यानात येतं?

एप्रिलमध्ये तांड्यावर कंपनीची सभा झाली. प्रज्ञेशचे साहेब आले होते, देविदास नावाचे. सभा संपताना त्यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. शंकरसिंग उठला. तो तांड्यावरचा जुना शेतकरी, अक्कांकडून वीस वर्षं बियाणं नेणारा. प्रज्ञेशला साहेबासमोर मोठं करावं म्हणून तो बोलला. म्हणाला, हे पोरगं चांगुणाबाईचा नातू आहे, एकाच घरात राहतात, आमचा सगळा तांडा त्या बाईचं बियाणं पेरतो, म्हणून या पोराच्या शब्दावर आमचा भरवसा आहे. वर टाळ्या वाजवल्या. त्याच्या पाठोपाठ सगळ्या सभेने वाजवल्या. प्रज्ञेशने मला सांगितलं, साहेबांनीही दोनदा वाजवल्या आणि मग थांबले.

आठ दिवसांनी पत्र आलं. फॉर्ममधली माहिती आणि प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत दिसते, पंधरा दिवसांत खुलासा करावा, तोवर कायम करण्याचा निर्णय राखून ठेवला आहे. प्रज्ञेशने ते पत्र आधी माझ्याकडे आणलं. मी वाचलं. मग आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. तिथे रत्नपाल आणि त्याची बायको राणी होतीच. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं.  मग प्रज्ञेश आजीला म्हणाला की एक वर्ष बियाणं देऊ नकोस.

अक्का गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "छत्तीस घरांना व्हय म्हणून बसले. त्यांनी आता कुठं जावं?"

"कंपनीचं घेतील की, आजी."

"तुझ्या कंपनीचं घ्यायची ऐपत असती तर माझ्याकडं काहून आले असते?"

रत्नपाल मधे पडला, की माय, पोराच्या जन्माचा प्रश्न आहे. अक्का म्हणाल्या की तेही कळतं. एवढंच. मग त्यांनी गव्हाचं सूप पुन्हा पाखडायला घेतलं.

मार्ग साहेबांनीच सुचवला होता, पण ते प्रज्ञेशने अखेरीस सांगितलं. कंपनीचा नियम एकत्र राहणाऱ्यांना लागू आहे. आजी वेगळी राहत असेल, तसं प्रतिज्ञापत्र आणि वेगळं रेशनकार्ड दाखवलं, तर साहेबांना काही म्हणायचं नाही. नुसतं कागदावर. आजीने खोलीसुद्धा बदलायची गरज नाही.

कागदावरचं खरं करायची आमच्या घराला जुनी खोड आहे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. ते साल एकोणऐंशी असावं. मी नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती. पगारातून पायाची शिवणमशीन घेतली होती. शाळा सुटल्यावर मी वस्तीतल्या बायकांची पोलकी शिवत असे. खिडकीत बसायची, बाहेर लेकरं खेळत असायची, आणि पायाखाली ती पट्टी वरखाली होत असायची. त्या मशीनचा आवाज मला आजही ऐकू येतो. कुणीतरी तक्रार केली, की सरकारी नोकरीत असून बाई खाजगी धंदा करते. वरून पत्र आलं. मी खुलासा लिहिला, मशीन माझी नसून माझ्या सासूबाईंची आहे आणि शिवणकामही त्याच करतात. सासूबाई पारुबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांनी मला विचारलं, काय लिहिलंस? मी सांगितलं. दोन महिन्यांनी माझ्या नणंदेचं लग्न निघालं, आणि सासूबाईंनी ती मशीन बैलगाडीत घालून तिच्याबरोबर पाठवून दिली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कागदावर माझी हाय न्हवं? मग माझ्या लेकीला दिली." माझे यजमान अंगणात उभे होते, पण ते आभाळाकडे पाहत राहिले. अक्का तेव्हा चुलीपुढे बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला फार राग आला होता. आता येत नाही. नणंदेने त्या मशीनवर चार मुलं शिकवली.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी केला. सेनगावला नेऊन टाइप करून आणायचा, मग अक्कांचा अंगठा. मी त्यांना वाचून दाखवलं: मी माझा मुलगा रत्नपाल याच्यापासून विभक्त राहत असून माझी चूल वेगळी आहे.

"पुन्हा वाच," अक्का म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"चूल कुठाय?"

मी म्हणाले, अक्का, ते नुसतं लिहायला आहे.

"पद्मा, मी अंगठ्याशिवाय काय देऊ शकते? एकच हाय तो. न्हाई त्या गोष्टीवर कसा उठवू?" मग म्हणाल्या, "आधी चूल घालू दे. मग कर तुझा कागद."

मला वाटलं, नाही म्हणायची ही त्यांची रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्या गोठ्याशेजारच्या जुन्या खोलीत ओढ्याची माती आणि भुसा कालवत होत्या. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत चिखल. चूल घातली, तीन दिवस वाळू दिली. चौथ्या दिवशी आपली पेटी, घोंगडी, एक तवा, परात आणि बियाण्याची पोती त्या खोलीत नेली. पोती न्यायला रत्नपालच लागला. त्याने ती एकेक करून फळ्यांवर ठेवली, एकावर एक चारच. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आपली भाकरी आपण थापली आणि मला बोलावलं. म्हणाल्या, आता आण तो कागद.

राणीने दोन दिवस जेवण टाकलं. ती माझ्याकडे येऊन बसली. तिचं म्हणणं असं, की कंपनीचं काय ते कंपनी जाणे, पण गाव म्हणणार सुनेनं सासूला काढलं. पंचवीस वर्षांत एकदाही सासूला तोडून बोलले नाही आणि शेवटी हेच कपाळी यावं. मी तिला समजावलं की सगळ्यांना कारण माहीत आहे. ती म्हणाली, "काकू, कारण सहा महिने ध्यानात राहतं. चूल जन्मभर दिसती." मग ती उठली. ती अक्कांकडे वाटीभर कालवण घेऊन गेली. अक्कांनी ते घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत चटणी भरून परत पाठवली. शेजारणी करतात तसं.

मेच्या मध्यावर देविदास साहेब स्वतः पाहायला आले. प्रज्ञेश मोटारसायकल चालवत होता, साहेब मागे. वय चाळीसच्या आसपास, पुसदकडच्या एका तांड्यात वाढलेले, हे मला नंतर कळलं. रत्नपालने त्यांना घरात बसायला खुर्ची दिली, पण ते म्हणाले आधी त्या बाईंकडे जाऊ. मीही गेले. ते खोलीच्या दारात पायताण काढून आत आले आणि बसले जमिनीवरच. चुलीकडे पाहिलं. तवा गरम होता. कोपऱ्यात गोणपाट गुंडाळलेलं होतं.

त्यांनी विचारलं की हे बियाणं कुणाच्या शेतातलं. अक्का म्हणाल्या, माझ्या. दीड एकर माझ्या नावावर आहे, सातबारा बघा. पद्मा, दाखव त्यांना. मी दाखवला.

"आणि हा रत्नपाल तुमचा मुलगा."

"व्हय. शेजारी राहतो."

रत्नपाल दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

अक्कांनी चहा ठेवला. कोरा. साहेबांनी घोट घेतला आणि सवयीने विचारलं, दूध नाही का. अक्का म्हणाल्या, "म्हैस तिकडच्या घराची हाय, साहेब. आमचं वेगळं." तेवढ्यात राणी दुधाचं भांडं घेऊन आली होती. ती दारातच थबकली. अक्का तिला म्हणाल्या, ठेव बाई, साहेबाला हवं असलं तर घेतील. साहेब म्हणाले नको, असाच चांगला आहे. त्यांनी तो कोरा चहा पुरता संपवला.

मग त्यांनी गोणपाट पाहायला मागितलं. पाचवा दिवस होताच. अक्कांनी ते उलगडलं. साहेबांनी वाकून मोड आलेले दाणे मोजले, बोटाने, ओठ हलवत. एकोणनव्वद. पुन्हा मोजले. तेवढेच.  खिशातून फोन काढून त्यांनी चुलीचा फोटो घेतला, मग नव्या रेशनकार्डाचा, मग पुन्हा चुलीचा. जाताना अक्कांना हात जोडून म्हणाले, "आमची याडी बी असंच करायची. मडक्यात." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. अक्कांनी विचारलं की आता नाही का करत. ते म्हणाले आता नाही, आणि प्रज्ञेशला गाडी चालू करायला सांगितलं.

महिनाअखेरीला प्रज्ञेशला कायमचं पत्र मिळालं. तो हिंगोलीहून पेढे घेऊन आला. आधी आईबापाच्या हातावर ठेवले, मग माझ्याकडे, मग आजीच्या खोलीत. मी तिथेच होते. अक्कांनी पेढा घेतला, त्याच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. तो खाली बसला. म्हणाला, "झालं आता, आजी. आता चल घरात."

"तो फारम एकदाच भरायचा असतो का?"

प्रज्ञेशने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "दरसाल. एप्रिलमधी."

"मग दरसाल चूल मोडून पुन्हा कोण घालील?" अक्का अगदी साधेपणाने म्हणाल्या. रागाचा मागमूस नव्हता. "राहू दे. बराबर लागली हाय. धूरबी भरत न्हाई."

 मग त्याने आजीच्याच भाकरीतली अर्धी खाल्ली आणि गेला. मला वाटलं होतं की तो काहीतरी बोलेल, म्हणजे नोकरी सोडतो वगैरे. बोलला नाही. बोलायला नकोच होतं. एवढं सगळं त्या नोकरीसाठीच तर केलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाणं न्यायला लोक आले. खोलीपुढच्या लिंबाखाली रांग लागली. तांड्यावरचे होते, वस्तीतले होते, डोंगरकडा गावाहून लेकीकडे आलेला एक पाहुणाही होता. सगळ्यांकडे बदल्याची पोती. अक्का दारात बसल्या होत्या, पायली घेऊन. मी बाजूला बसून कुणी किती नेलं ते सांगत होते, लिहीत नव्हते.

रत्नपाल रांगेत उभा आहे हे मला उशिरा दिसलं. आजवर तो कधी रांगेत उभा राहिला नव्हता. पेरणीच्या आदल्या दिवशी घरातून पोतं उचलायचा आणि शेतात न्यायचा. आज त्याच्या खांद्यावर साध्या सोयाबीनचं पोतं होतं. नंतर कळलं की अक्कांनी सकाळीच त्याला सांगितलं होतं, मोजून आण आणि मोजून ने. त्याच्यामागे शंकरसिंग होता. त्या सभेत आपण काय करून बसलो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चांगुणाबाई वेगळ्या का राहून राहिल्या हेही त्याने विचारलं नव्हतं. घरात काही झालं असेल असं धरून तो रत्नपालशी पिकापाण्याचंच बोलत होता.

रत्नपालची पाळी आली. त्याने पोतं खाली ठेवलं. अक्कांनी त्याच्या पोत्यातून मोजून घेतलं. मग आपल्या पोत्यातून मोजून द्यायला लागल्या. पायली भरायची, हाताने सपाट करायची, त्याच्या पोत्याच्या तळाशी नेऊन कलती करायची. रत्नपाल पोत्याचं तोंड धरून उभा होता. दोघंही तोंडाने आकडे म्हणत होते, लाभ, दोन, तीन. आमच्याकडे पहिलं माप लाभ म्हणतात. बारा पायल्या झाल्या.

रत्नपाल पोत्याचं तोंड आवळायला लागला.

"थांब," अक्का म्हणाल्या. त्यांनी पायली बाजूला ठेवली. दोन्ही हात बियाण्यात घातले, एक ओंजळ भरली आणि त्याच्या पोत्यात वर टाकली.

रत्नपाल तसाच राहिला. पोत्याचं तोंड उघडं, आणि तो त्या वरच्या दाण्यांकडे पाहत. अक्कांनी पायली उचलून मांडीवर घेतली होती आणि पुढच्या माणसाची वाट पाहत होत्या. मी आकडा सांगायला विसरले.

"सरक की रे पुढं," शंकरसिंग मागून म्हणाला. "आमाला बी पेरायचं हाय."

रत्नपालने तोंड बांधलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि तो शेताकडे गेला. अक्कांनी शंकरसिंगचं पोतं पुढे ओढलं आणि पहिली पायली भरली.

"लाभ," त्या म्हणाल्या.